बाबांचं नॅट, आमचं व्हॅम्पायर

आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे साउथॅम्प्टनला आले. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी घरातले गळके नळ आणि करकरणारी दारं दुरुस्त केली. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा खिडकीपाशी बसून राहिले. आमचा मुलगा अकरा वर्षांचा. त्याचं मराठी "आजोबा, जेवायला चला" इथवर. बाबांचं इंग्रजी हवाई दलातलं, नेमकं आणि तोकडं. मधे मी दुभाषी. पुण्यात आठ वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, आणि इथे माझ्याच जेवणाच्या टेबलावर आजोबा-नातवाला एकमेकांशी बोलतं करता येईना. ही बोच होतीच.

एका पावसाळी शनिवारी (म्हणजे इथल्या कुठल्याही शनिवारी) सोलेंट स्काय या आमच्या गावच्या विमान संग्रहालयात गेलो. साउथॅम्प्टन हे स्पिटफायरचं माहेर, त्यामुळे तिचा तोरा इथे मोठा. मुलगा थेट सँडरिंगहॅम या प्रचंड उडत्या बोटीत शिरला. बाबा मात्र एका लहानशा विमानापुढे थांबले ते हलेचनात. ते होतं फॉलंड नॅट.

बाबा १९७० मध्ये, अठराव्या वर्षी हवाई दलात एअरफ्रेम फिटर म्हणून लागले, आणि उमेदीची वर्षं त्यांनी नॅटवर काम केलं. हे आम्हाला माहीत होतं, पण "नॅटवर होतो" या दोन शब्दांपलीकडे ते कधी गेले नव्हते. ते विमान मुळात आमच्या शेजारचं, हॅम्बल गावच्या कारखान्यातलं. पुढे बंगळुरूला एचएएलमध्ये बनू लागलं. पंखांची लांबी जेमतेम बावीस फूट, म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीहून थोडी जास्त. बाबा गुडघ्यावर बसले, विमानाच्या पोटाखाली पाहिलं आणि नातवाला हाक मारली. "दिस डोअर. व्हील डोअर. सेम डोअर, एअरब्रेक!" चाकांची झाकणं अर्धवट उघडून तीच हवेत ब्रेक म्हणून वापरायची, ही त्या विमानाची खरी युक्ती. मुलाने तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही उत्तरं त्याला माझ्याशिवाय मिळाली. मग १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरच्या आकाशात नॅट घेऊन सेबर विमानांशी एकट्याने लढलेल्या निर्मलजीत सिंग सेखों यांची गोष्ट झाली. हवाई दलातलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं.

परतताना गाडीतच ठरलं. रिमोटवर उडणारं नॅट घ्यायचं.

इथे मला क्लबातल्या एका निवृत्त इंजिनियर आजोबांचे आभार मानायला हवेत. त्यांनी आमचा उत्साह शांतपणे मोडला. आधी साधं, वर पंख असलेलं, पुढे पंखा फिरणारं शिकाऊ विमान. ते चार महिने. जेट त्यानंतर. आणि जेटमध्येही नॅट नको. कारण त्यांनी मला कागदावर समजावलं, आणि शिक्षिका असल्याने मला ते आवडलं. मॉडेल जेटच्या पोटात बोगद्यासारख्या नळीत छोटा पंखा असतो, बॅटरीवर मिनिटाला हजारो वेळा फिरणारा. पुढे पंखा असलेल्या विमानाला थ्रॉटल दिला की वारा लगेच पंखांवरून आणि शेपटीवरून वाहतो, विमान सावरतं. जेटच्या पंख्याला वेग घ्यायला क्षणभर लागतो, आणि त्याचा वारा मागून निघून जातो, पंखांच्या कामाचा नाही. त्यात नॅटचे पंख आखूड आणि मागे वळलेले. विमान हळू झालं की पडलंच.

मुलाला तर राखाडी रंगाचं आधुनिक लढाऊ विमान हवं होतं. त्यावर इंजिनियर आजोबांनी नुसतं बोट वर केलं. आकाशही राखाडीच होतं. शंभर मीटरवर विमान येतंय की जातंय हे कळलं नाही तर खेळ संपला.

त्यांनी सुचवलं व्हॅम्पायर. सरळ, रुंद पंख, दोन शेपट्या, मधे अंड्यासारखं धड. नळी आखूड, म्हणून पंख्याचा जोर वाया जात नाही. हळू उतरतं, चुका पोटात घालतं. बाबांचं तोंड उतरलं. भारताचं पहिलं जेट लढाऊ विमान, १९४८ सालचं, हे मान्य. पण १९६५च्या सप्टेंबरात छांबला एकाच दिवशी चार व्हॅम्पायर पडली, म्हणून तर नॅट पुढे आणली, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. "म्हातारं विमान आहे ते." मग मी त्यांना वाचून दाखवलं, की मूळ व्हॅम्पायरचं धड प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचं होतं. ते हसले. "म्हणजे तेही मॉडेलच."

फोमचं, साधारण मीटरभर पंखांचं व्हॅम्पायर जुलैअखेर आलं. त्याआधी मुलाने ऑनलाइन परीक्षा देऊन फ्लायर आयडी मिळवला. ऑपरेटर आयडी मात्र मोठ्यांच्याच नावावर मिळतो, म्हणून आज मी कागदोपत्री एका लढाऊ जेटची मालकीण आहे. मॉडेलचा तोल बोटांच्या टोकांवर तोलून पाहायचा असतो. बाबांचे हात आता थरथरतात. त्यांनी फळी आणि दोन पेन्सिलींचा ठोकळा केला आणि त्यावर विमान ठेवून, बॅटरी केसभर पुढे-मागे सरकवत अख्खी संध्याकाळ घालवली. नाक जड असेल तर विमान वाईट उडतं, शेपूट जड असेल तर एकदाच उडतं, असं क्लबात म्हणतात.

आमचं मैदान न्यू फॉरेस्टमधल्या ब्यूली हीथवर. १९४२ साली युद्धासाठी बांधलेला विमानतळ, आता त्याच्या उरल्यासुरल्या धावपट्टीवर परवानगी काढून मॉडेलवाले जमतात. भोवती ऑगस्टमध्ये हेदर फुलून जांभळं झालेलं माळरान, आणि कुणाच्या बापाला न जुमानणारी मोकळी घोडी. ती धावपट्टीवर आली की सगळे थांबतात. मी थर्मासातला चहा ओतते.

बाबांची शिस्त वेगळीच. उड्डाणाआधी वहीत नोंद, खाली सही. हत्यारं नऊ. काम सुरू करताना मोजायची, संपल्यावर मोजायची. एक कमी भरलं तर विमान जमिनीवर.

पहिली दोन उड्डाणं झकास. बॅटरी चार मिनिटंच पुरते, पण ती चार मिनिटं आम्ही कुणी श्वास घेतला नसावा. तिसऱ्यांदा उतरताना मुलाने थ्रॉटल लवकर तोडला, कमी उंचीवर वळवलं, घाबरून थ्रॉटल दिला. पंख्याने तो क्षण घेतलाच. विमान हेदरमध्ये, एक शेपूट तुटलेली. मुलगा विमानाकडे गेलाच नाही, गाडीमागे जाऊन बसला.

बाबा त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. मी थर्मास घेऊन जात होते, ती तिथेच थांबले. मोडक्या इंग्रजीत, मधे हिंदी, मधे मराठी, बाबा सांगत होते की एकदा त्यांनी तपासून सही केलेलं विमान परत आलं नाही. पायलट चोवीस वर्षांचा. निघताना यांच्या खांद्यावर थाप मारून गेला होता. चौकशीत यांच्या कामात खोट निघाली नाही. "बट माय सिग्नेचर," बाबा म्हणाले. "लास्ट सिग्नेचर, माइन." मग हेदरकडे हात करून, "दॅट इज फोम. यू आर हिअर. चल, उचलून आणू." हे मी अडतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आईला माहीत होतं का, हेही आता विचारता येणार नाही.

शेपूट इपॉक्सीने आणि कार्बनच्या काडीने माझ्या पोळपाटावर जोडली गेली. पोळपाट नवा घेतला.

सप्टेंबरअखेर बाबा पुण्याला परतले. पुढच्या रविवारी ऊन होतं, पण मुलगा मैदानावर यायला तयार होईना. हत्यारं आठच भरत होती, सगळ्यात छोटी षटकोनी चावी नव्हती. वहीत त्याने तशी नोंद केली होती. विमान उघडून, हलवून पाहिलं, गाडीतल्या चटया झटकल्या. चावी नाही. नवी आणू म्हटलं तर म्हणाला, जुनी कुठे आहे ते कळल्याशिवाय नाही.

पाचव्या दिवशी पुण्याहून फोन. धुवायला टाकताना शर्टाच्या खिशात सापडली होती. बाबा इतके ओशाळले होते की माझ्याशी धड बोलेनात. "त्याला दे," म्हणाले. मी फोन दिला आणि पोळ्यांकडे वळले. आतून ऐकू आलं, "आजोबा, मग आता उडवू?"