फोटोत काही नाही

"फोटोत काही नाही, मग दुखतंय कुठून?" हे नाशिकच्या डॉक्टरांनी मला नाही, माझ्या नवऱ्याला विचारलं. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी जव्हारकडच्या वांगणीची, अंगणवाडी चालवते. आवणीला वाकले, उन्हाळ्यात डोक्यावर हंडे, कंबर धरली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, इथे घरोघरी तेच. भगत झाला, तेल झालं, इंजेक्शनं झाली. शेवटी मोखाडा-त्र्यंबकवरून एसटीने नाशिक गाठलं. एमआरआयला भाताचे पैसे गेले.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि पाकिटात घातली. माझ्या कंबरेला हात लावला नाही. वाकून दाखव म्हणाले नाहीत, झोप लागते का विचारलं नाही. नवऱ्याला म्हणाले, "घरी काही टेन्शन? बायकांचं असं होतं." दार सताड उघडं. बाकावरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. नवरा खाली मान घालून "नाही साहेब" म्हणाला. परतीच्या गाडीत एक शब्द बोलला नाही. मला डॉक्टरांपेक्षा त्याचाच राग जास्त आला. आणि गावात आमच्या आधी बातमी पोचलेली (कशी, देव जाणे): हिला काही झालेलं नाही. तेव्हापासून पाण्याला उशीर झाला की जावेचा टोमणा ठरलेला. फोटोचा कागद सगळ्यांनी खरा मानला, मला कुणीच नाही.

पुढे जव्हारला एका शिबिरात फिजिओथेरपीची मुलगी भेटली. तिने आधी कंबर पाहिली, मग बोलली. दुखणं महिनोन् महिने राहिलं की मेंदूतल्या भागांचं आपसातलं दळणवळण बदलतं, म्हणाली. शिकागोच्या आप्कारियन यांच्या गटाने पाठ नुकतीच धरलेल्यांचे मेंदू वर्षभर पुन्हा पुन्हा तपासले. २०१२ साली त्यांनी छापलं, की कपाळामागचा एक भाग आणि आत खोलवरचं, बरं-वाईट जोखणारं केंद्र यांचं ज्यांच्यात पहिल्यापासून जास्त जुळलेलं होतं, त्यांचंच दुखणं बहुतेक टिकलं. उलट २०१५ च्या एका आढाव्यात काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे फोटो खराब आणि माणूस ठणठणीत, असंही असतं. खुब्याचा सांधा बदलून दुखणं गेलं, तेव्हा मेंदूतला कमी झालेला करडा भाग पुन्हा वाढला, हेही तिने सांगितलं. पण हे सगळं गटांच्या सरासरीवरून कळतं. एकट्या माझा मेंदू तपासून कुणी दाखला देणार नाही.

मला हायसं वाटलं. मग वाटलं, हिनेही बोट डोक्याकडेच दाखवलं की! आणि खरं सांगायचं तर मानधन लांबलं की कंबर जास्त बोलते, पोरं खिदळत असली की विसरायला होतं. हे मी त्या डॉक्टरांना मात्र कधी सांगणार नाही. त्यांनी विचारलंच कुठे?

बायांना माझं सांगणं एवढंच, की नुसतं पडून राहू नका, चालत राहा; आणि दवाखान्यात नवऱ्याला बोलू देऊ नका. अर्थात हंडा कोण उचलणार, याचं उत्तर त्या मुलीकडेही नव्हतं.

घरी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांची पाठ माझ्या लग्नाच्या आधीपासून वाकलेली. ऐकून म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात एवढं झालं, तर माझ्या डोक्यात किती झालं असंल गं? मला कुणी घातलं त्या यंत्रात?"