चौकटीच्या बाहेरचें

कांहीं वस्तूंची किंमत त्यांच्यांत काय आहे यावर ठरते, आणि कांहींची त्यांच्यांत काय नाहीं यावर. संन्याशाची थोरवी आपण त्यानें टाकलेल्या गोष्टींवरून मोजतों, तसाच हा प्रकार. माझ्या एका मित्रानें परदेशीं जातांना आपला कॅमेरा दोन महिन्यांसाठीं माझ्या स्वाधीन केला, तेव्हां या दुसऱ्या जातीची वस्तु प्रथमच माझ्या हातीं आली. लायका कंपनीचा 'एम १०', २०१७ सालीं निघालेला. तो आपण होऊन अंतर जुळवीत नाहीं, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखीत नाहीं, चलच्चित्र घेत नाहीं. माझ्या खिशांतला मोबाइल हीं सारीं कामें मी न सांगतां करतो. असें असूनहि या कॅमेऱ्याची किंमत एवढी आहे कीं ती मीं घरांत अद्याप कोणास सांगितलेली नाहीं.

रेंजफाइंडर हें त्याच्या जातीचें नांव. ऐकतांना तोफखान्याची आठवण होते. पण अर्थ साधा आहे, अंतरमापक. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. त्यांच्यामधलें अंतर सुमारें ७ सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून थोडेंसेंच अधिक. एका खिडकींतून जग सरळ दिसतें. दुसरींतून आलेली त्याच जगाची प्रतिमा आंतल्या आंत वळून पहिल्या दृश्याच्या मधोमध, एका चिमुकल्या उजळ चौकोनांत पडते. भिंगाचें कडें फिरवीपर्यंत त्या चौकोनांत सारें दुहेरी असतें. माणसाला दोन नाकें, खांबाला जुळा खांब. कडें फिरवूं लागावें तशी ती दुसरी प्रतिमा सरकत सरकत पहिलीजवळ येते आणि एका क्षणीं तिच्यांत विरून जाते. नाक पुन्हां एक होतें. अंतर जुळलें! आपले दोन डोळे लहानपणापासून हेंच गणित करीत आले आहेत. पण तें इतकें मुकाट्यानें कीं आपणांस त्याची वार्ताहि नसते. येथें तें बोटांना करावें लागतें, आणि पहिले चार दिवस बोटें शाळेंतल्या पोरांसारखीं चुळबूळ करतात.

लायकानें आपल्या कॅमेऱ्यांतला अंतरमापक भिंगाशीं जोडला तो १९३२ सालीं. पुढें १९५४ सालच्या 'एम ३' मध्यें पाहण्याची आणि अंतर जुळवण्याची खिडकी एक झाली, आणि भिंग बसविण्याची जी खोबण तेव्हां ठरली ती आजतागायत चालत आली आहे. मित्राचें ५० मिलिमीटरचें भिंग माझ्या जन्माच्या आधींचें आहे. तें या डिजिटल कॅमेऱ्यावर, माहेरीं आलेल्या आत्याबाईंसारखें, कोणाची परवानगी न विचारतां बसलें. आंत फिल्म नाहीं. पण बॅटरी बदलायची असली तर जुन्या कॅमेऱ्यांत फिल्म भरतांना करीत तसा बूडचा पत्रा काढून हातांत धरावा लागतो. जुन्या घराण्यांतले कांहीं कुळाचार कारण संपल्यावरहि चालू राहतात, त्यांतलाच हा एक.

पण या सर्वांहून मला जी गोष्ट नवी वाटली ती त्याची खिडकी. इतर कॅमेऱ्यांत आपण भिंगांतूनच पाहतों. आरशाच्या कॅमेऱ्यांत तर नेमका चित्र घेण्याचा क्षण आला कीं आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढें अंधार होतो. ज्या क्षणासाठीं एवढा खटाटोप, तोच आपणांस दिसत नाहीं. रेंजफाइंडरमध्यें डोळा भिंगाच्या शेजारच्या खिडकींतून पाहतो. भिंगावर झांकण राहिलें तरी खिडकींतलें जग आपलें लख्ख! त्या जगावर बारीक पांढऱ्या रेषांची एक चौकट आंखलेली असते. रेषांच्या आंत जें आहे तें चित्रांत येणार, बाहेरचें येणार नाहीं. पण बाहेरचेंहि दिसत असतें, तितकेंच स्पष्ट, तितकेंच उजळ. नाटकाला बसलेल्या प्रेक्षकाला रंगमंचाबरोबर विंगेंतलीं पात्रेंहि दिसावींत, पगडी सांवरीत प्रवेशाची वाट पाहणारीं, तसें कांहींसें हें आहे.

एका सकाळीं हा कॅमेरा घेऊन मी मंडईंत गेलों. लिंबांचा ढीग पुढें घेऊन एक बाई बसली होती. रेषांच्या आंत ती आणि तिचीं लिंबें. रेषांच्या बाहेर, डावीकडे, डोक्यावर कोबीची पाटी घेतलेला हमाल येत होता. तो चौकटींत शिरण्यापूर्वीं मला दिसत होता, म्हणून मला थांबतां आलें. नेम धरण्यापेक्षां वाट पाहणें अधिक, हा या यंत्राचा पहिला धडा. दुसरा असा कीं त्याची खिडकी अगदीं डाव्या कोपऱ्यांत असल्यामुळें उजवा डोळा लावला तरी डावा उघडा राहतो आणि आपला अर्धा चेहरा समोरच्याला दिसत असतो. त्या बाईनें माझ्या त्या अर्ध्या चेहऱ्याकडे पाहून विचारलें, "फोटो काढा हो, पण लिंबें घेणार का?" मीं डझनभर घेतलीं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवीत असे, ती लोकांचें लक्ष जाऊं नये म्हणून. हा फ्रेंच छायाचित्रकार १९४८ च्या जानेवारींत दिल्लींत होता, आणि गांधीजींच्या अंत्ययात्रेचीं त्याचीं छायाचित्रें जगभर गेलीं. एवढ्या शोकाकुल गर्दींत लोकांच्या इतक्या जवळ त्याला उभें राहतां आलें, यांत त्या लहानशा, निमूट यंत्राचा वांटा असलाच पाहिजे.

आतां कॅमेऱ्याची पाठ पाहूं. पुढून तो १९५४ सालचा, मागून आपल्या काळचा. शटर पडतें न पडतें तोंच पाठीवरच्या पडद्यावर झालेलें चित्र झळकतें. पहिला डिजिटल रेंजफाइंडर, एप्सन कंपनीचा 'आर-डी १', २००४ सालीं आला. त्यांत फिल्म नव्हती, तरी फिल्म पुढें ओढावी तसा खटका आंगठ्यानें ओढून प्रत्येक चित्रापूर्वीं शटर सज्ज करावें लागे. त्याहून मार्मिक गोष्ट म्हणजे त्याचा पडदा उलटा वळवून, रुसलेल्या मुलानें भिंतीकडे तोंड करावें तसा, मिटून ठेवतां येई. लायकाचा पहिला डिजिटल 'एम ८' २००६ सालीं निघाला. आणि २०१६ सालीं त्याच कंपनीनें 'एम-डी' काढला, त्याला पडदाच ठेवला नाहीं. वरवर पाहतां हा शुद्ध विक्षिप्तपणा आहे. त्यांतलें मर्म मला एका दुपारीं आईच्या खोलींत दिसलें.

आई ८२ वर्षांची आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, तेव्हां ती १८ वर्षांची होती आणि माहेरचें घर नदीपासून फार दूर नव्हतें. त्या दिवसाची हकीकत आम्हीं अनेकदां ऐकली आहे; पण त्या दुपारीं, मेथी निवडतां निवडतां, ती एका लोखंडी ट्रंकेविषयीं बोलूं लागली. घरांतले सारे फोटो त्या ट्रंकेंत होते. पाणी ओसरल्यावर ट्रंक चिखलांतून काढली, तर आंतले फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. तिच्या वडिलांचा एकुलता एक फोटो त्या विटेंतून कसाबसा सुटा केला. "चेहऱ्याच्या जागीं नुसता पांढरा डाग," आई म्हणाली, "कोटाची एक बाही तेवढी राहिली होती. मग मी—"

माझा पुतण्या कौतुकानें कॅमेरा हाताळीत होता. त्यानें त्याच क्षणीं चित्र घेतलें आणि मान खालीं घालून पडद्याकडे पाहिलें. आई थांबली. "कसा आलाय? दाखव बघूं," ती म्हणाली. चष्मा सांवरून तिनें स्वतःला पाहिलें, "म्हातारी झालें रे मी," म्हणून हांसली, आणि पुन्हां मेथी निवडूं लागली. चित्र उत्तम आलें होतें. "मग मी" च्या पुढचें वाक्य मात्र तिच्या ओंठांवरून गेलें तें गेलें.

पोराचा यांत दोष नाहीं. त्याच्या पिढीला चित्र घेणें आणि पाहणें ही एकच क्रिया आहे. पण त्या खोलींत मला दिसलें तें असें कीं खिडकी आणि पडदा एकाच यंत्रावर असले तरी ते माणसाला दोन विरुद्ध दिशांना ओढतात. खिडकी म्हणते, समोर पाहा, चौकटीबाहेरचेंहि पाहा, अजून कांहीं यायचें आहे. पडदा म्हणतो, झालेलें पाहा. क्षण अजून पुरता झालेलाहि नसतो. वाक्य अर्धें असतें. पण पडद्यावर तो संपलेला दिसतो, आणि समोरच्या माणसालाहि वाटतें कीं संपलें.

दुसऱ्या दिवशीं मीं तो पडदा बंद केला. तशी सोय आहे. मग आईसमोर बसून विचारलें, "आई, त्या फोटोचें पुढें काय केलेंस?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग सांगूं लागली कीं तो डाग तिनें पुष्कळ दिवस वहींत जपला होता. वडिलांचा उजवा कान दुमडलेला होता आणि तें त्या फोटोंतहि दिसत असे. पूर येण्यापूर्वीं ते उंबऱ्यापाशीं उभे राहून बाहेर पाहत होते. "आणि पाणी इथवर चढलें," म्हणत तिनें हात उचलला. तो हात रेषांच्या बाहेर होता तेव्हांच मला दिसला. तो वर येत होता. तो चौकटींत शिरून तिच्या कपाळाच्या वर स्थिर झाला तेव्हां मीं शटर दाबलें. आवाज इतका हलका कीं तिचें वाक्य तुटलें नाहीं, आणि पुढें तास दीड तास तें तुटलें नाहीं. त्या तासांत मीं दुसरें चित्र घेतलें नाहीं.

तें चित्र मीं रात्रीं पाहिलें. हात किंचित हलला आहे, पण डोळे स्वच्छ आहेत. आजोबा त्यांत नाहींत, दुमडलेला कानहि नाहीं. ते रेषांच्या बाहेर आहेत, जेथें कोणतेंच भिंग पोंचत नाहीं. पण ती ज्या उंचीकडे हात करून पाहते आहे तेथें कोणी तरी उभें होतें, हें चित्र पाहणाऱ्याला कळतें, असें मला वाटतें.

पुढच्या आठवड्यांत मित्र परत येईल आणि कॅमेरा ज्याचा त्याला जाईल. मीं त्या चित्राची एक प्रत कागदावर काढून आईला दिली. ती तिनें ट्रंकेंत ठेवली आहे. ट्रंक नवी आहे, आणि ती माळ्यावर, अगदीं वरच्या फळीवर असते.