शेपटीवरचे नाव

साताऱ्याच्या आपल्या वसतिगृहाच्या पटांगणातून अजिंक्यतारा दिसे आणि त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारीही दिसत. पंख न हलवता त्या वळतात कशा, हा आमच्या मनात उगवलेला पहिला प्रश्न. पुढे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आम्ही चौघे सांगलीस गेलो. मूळचे सातारा जिल्ह्यातील वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा आम्हांसही धीर आला. रेडिओवर चालणारे, हवाई कसरतींच्या स्पर्धेत उतरू शकेल असे लहान विमान स्वतः आखून बांधावे, असे आम्ही ठरविले.

साध्या विमानाच्या पंखाला वरून अधिक फुगवटा असतो. कसरतीच्या विमानाला मात्र उलटे होऊनही तितक्याच सहजतेने उडावे लागते. म्हणून त्याच्या पंखाचा छेद वर-खाली सारखाच ठेवतात. या खेळाच्या ‘एफ3ए’ या आंतरराष्ट्रीय प्रकारात विमानाची लांबी व पंखविस्तार प्रत्येकी 2 मीटरच्या आत असावा लागतो. वारा कसाही असो, आकाशात काढलेले वर्तुळ गोलच दिसले पाहिजे; जितके वाकडे, तितके गुण कमी. आमच्या विमानाचा पंखविस्तार 140 सेंटिमीटर होता.

बाल्सा लाकूड हलके, पण महाग. त्यासाठी एकाच्या आईने बचत गटातून कर्ज काढले. दुसऱ्याचे वडील सुतारकाम करीत. पंखाच्या फासळ्या पॉलिश पेपरने कशा घासाव्यात, हे त्यांनी शिकविले. विमान तयार झाले तेव्हा अभिमानाने आमचे भान हरपले. शेपटी मोडू नये म्हणून तिला प्लायवूडचे तुकडे जोडले आणि तिच्यावर जाड ऑईलपेंटने शाळेचे नाव रंगविले.

पंखाखाली दोन बोटे धरून तोल पाहिला, तेव्हा शेपटी खाली झुकली. आमच्या विमानाचे नाक आखूड व शेपटी तिप्पट लांब. शेपटीवरच्या एका ग्रॅमसाठी नाकाशी तीन ग्रॅम शिसे हवे होते. वजन वाढेल म्हणून आम्ही ते टाळले. नाव पुसावे, हे तर कोणाच्या मनातही आले नाही.

7 नोव्हेंबर, विद्यार्थी दिवस. 1900 साली याच तारखेस बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले होते. पटांगणात पालक जमले होते. कर्ज काढणारी ती माउलीही होती. विमान उठले, नाक वर करून चढतच गेले, वेग हरवला आणि सर्वांसमक्ष कोसळले. काही क्षणांचा खेळ! त्या माउलीकडे पाहण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. तीच पुढे आली आणि पडलेल्या काटक्या पदरात वेचू लागली.

अधीक्षक सरांनी एवढेच विचारले, “बाळांनो, वाऱ्याने पाडले की तुम्ही?” आम्ही वाऱ्याचे नाव घेणार होतो. पण तोल झुकलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. “आम्हीच, सर,” असे आम्ही म्हणालो.

दुसरे विमान बांधताना प्रत्येक तुकडा तराजूत घातला. सुट्टीत कामे करून आधी कर्ज फेडले, म्हणून त्याला वर्ष लागले. स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. वर्तुळे थोडी लांबटच आली. परंतु उलटे होऊन ते मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत गेले, तेव्हा आम्ही चौघेही श्वास रोखून उभे होतो.

ते विमान आज शाळेच्या विज्ञानकक्षात टांगलेले आहे. त्यावर शाळेचे नाव नाही, अशी तक्रार मुले करतात. नाव आहे; आतल्या एका फासळीवर, पेन्सिलीने लिहिलेले. त्याचे वजन तराजूला कळत नाही.