चढ नाही, उतार सांभाळा!

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं, की दोन-तीन वळणांतच शहर खाली राहतं. समोर अजिंक्यतारा, कासकडे जाणारा ओला रस्ता आणि मधेच अंगावर येणारं धुकं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२पासून याच रस्त्यावर होते. शहरातून निघायचं, घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने परत. साधारण २१ किलोमीटर! म्हणूनच पावसाळ्यात वीकएण्डला इथे पुण्या-मुंबईचे रनर्स सरावाला येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, 'चढ जमेल ना?'

चढ जमतो हो! दम लागला की माणूस आपोआप चालायला लागतो. गडबड होते ती उतरताना. श्वास मोकळा, वारा समोरून, वेग फुकटात! माझा एक मित्र असाच सुसाट उतरला. सोमवारी ऑफिसचा जिना मात्र कठडा धरून उतरत होता.

असं का होतं? उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. ब्रेकचंच काम! त्यामुळे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं. गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो, बाहेरची बाजू धरते. बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात.

यावरचा फंडा सोपा आहे. उतरताना लांब ढांगा नकोत; पावलं छोटी आणि भरभर टाका. मागे रेलून टाच आपटू नका. बुटात पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा, नखं आधीच कापा. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट्स आणि पायरीवरून एका पायाने सावकाश उतरण्याचा व्यायाम करा. आणि हो, उताराचाही सराव लागतो. छोट्या उतारापासून सुरुवात केली, तर पुढच्या खेपेला स्नायू कमी कुरकुरतात. पण अंतर आणि उतार एकाच आठवड्यात वाढवू नका. बहुतेक दुखापतींचं मूळ या घाईतच असतं.

मांड्या भरून येणं दोन-चार दिवसांत जातं. पण नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट लावलं तरी दुखत असेल, बसल्या जागी ठणकत असेल, तर पळणं थांबवा आणि डॉक्टर गाठा. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो दिसेलच असं नाही. 'पेनकिलर घेऊन रेस मारू' म्हणणारे ग्रुपमध्ये भेटतीलच. त्यांचं ऐकू नका. गोळीने दुखणं कळेनासं होतं, तडा भरत नाही. एक रेस हुकली तर पुढच्या वर्षी घाट तिथेच असतो.

घाट उतरून कंदी पेढ्यांच्या दुकानापर्यंत न लंगडता पोचलात? मग तुमचं टायमिंग काहीही असो, रन झकास झाला!