अस्सल नकलेचा आवाज

चिपट्यून, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमच्या ध्वनिचिपवरचं संगीत, करणारी मंडळी ‘अस्सल’ आवाजाच्या बाबतीत सोवळ्यात असल्यासारखी वागतात. १९८३च्या फॅमिकॉम या गेमयंत्राला जमत होतं तेवढंच करायचं: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि पाचवा, ध्वनिमुद्रित नमुने जेमतेम वाजवणारा चॅनेल. माझी पंचाईत अशी, की परभणीत खरा फॅमिकॉम मी कधी पाहिलाच नाही. आमच्याकडे होता त्याचा नकली भाऊ. आम्ही त्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, कार्ट्रिजला ‘कॅसेट’. चालली नाही की फुंकर.

पल्सची लाट किती वेळ वर राहते त्यावर आवाजाचा पोत ठरतो. १२.५ टक्क्यांना नाकातला चिरका, ५० टक्क्यांना पोकळ, गोल. बऱ्याच नकली चिपांत २५ आणि ५०ची अदलाबदल झालेली असते. शिवाय आपले तेव्हाचे टीव्ही सेकंदाला ५० चौकटींचे आणि खेळाचं संगीत चौकटीगणिक पुढे सरकणारं. ६०च्या हिशेबाने रचलेली चाल त्यामुळे सहाव्या हिश्शाने संथ होई, सूर मात्र जवळपास तोच. माझ्या कानातलं ‘कॉन्ट्रा’ खेळाचं संगीत हे असं आहे. म्हणून फर्नेस या संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये मी वेग ५०वर ठेवतो आणि पल्सच्या रकान्यात १च्या (२५ टक्के) जागी २ (५० टक्के) लिहितो. शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडोत.

सध्या पोळ्याची हलगी बसवतोय. काडीचा कडक ठोका नॉइजमधून निघतो: आवाज १५ या कमाल पातळीवरून तीन-चार चौकटींत शून्यावर. घुमारा ट्रँगलकडे, पण त्याला आवाज कमी-जास्त करता येत नाही. चालू किंवा बंद. मग सूरच झपकन खाली घसरवायचा, की कातडं दबल्याचा भास होतो.

पाश्चात्त्य रचनाकार कॉर्डसाठी एकाच पल्सवर तीन सूर भराभर फिरवतात. आपल्या चालीला त्याची गरज क्वचितच. दुसरा पल्स मी काही चौकटी मागे, हलक्या आवाजात सोडतो. भजनात बुवांच्या ओळीमागून टाळकरी येतात तसा.

अडतं ते मींडेपाशी, म्हणजे सूर घसरवत नेण्यापाशी. सूर ठरवणारा आकडा ० ते २०४७. खालच्या सप्तकात पायऱ्या इतक्या बारीक की कळतही नाहीत, अगदी वर मात्र शेजारच्या दोन आकड्यांत श्रुतीएवढं किंवा त्याहून मोठं अंतर पडतं आणि मींड खडखडत उतरते. म्हणून चाल खाली ठेवतो. वरचा पल्ला हलगीचा.