गुपित ठेवायचं, पण किती?

आमच्या बडोद्याच्या घरात सहलीचं सगळं हीच बघते: तिकिटं, बॅगा, वाटेतले थेपले, मुलांची औषधंसुद्धा. म्हणून लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला मी ठरवलं, या वेळी हिनं फक्त यायचं. ठिकाण हाँगकाँगचं डिस्नीलँड.

लांताव बेटावर सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झालेलं हे उद्यान फार मोठं नाही. दोन दिवसांत निवांत पाहून होतं. आवारातच तीन हॉटेलं असल्यामुळे दुपारी खोलीवर येऊन पाय पसरता येतात. शहरातून मेट्रोनं निघायचं आणि सनी बे स्टेशनवर गाडी बदलायची. पुढच्या गाडीच्या खिडक्या चक्क मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या! २०२३ पासून तिथे 'फ्रोझन' सिनेमातलं गावही उभं आहे. तो सिनेमा आमच्या लेकीपेक्षा हिलाच जास्त आवडतो.

पण परदेशातली सहल पूर्ण गुपित ठेवता येत नाही. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते, म्हणजे हिचा पासपोर्ट हवाच. शिवाय ही शिक्षिका. हिच्या नकळत मी रजा मागितलेली हिला मुळीच रुचणार नाही. म्हणून तारखा हिला विचारूनच ठरवल्या. गाव तेवढं सांगितलं नाही.

"कपडे कसले घेऊ?"

"चालायचे बूट घे. बाकी माझ्याकडे."

तेव्हापासून रोज एक नवा अंदाज. काल दुबई, आज सिंगापूर. बऱ्याच वर्षांनी ही सामानाची यादी न करता नुसती सहलीची वाट पाहते आहे.