काळं म्हणजे पाणी नव्हे

बोटीवरच्या माणसाची वाट पाहणं आमच्या घराला नवीन नाही. आजोबा बोटीवर होते, अब्बा होते, आता धाकटा भाऊ आहे. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात अशी घरं पुष्कळ. पण आजोबांची बोट एडन-बसऱ्याकडे जायची, अब्बांची सिंगापूरकडे. बर्फात अडकलेल्या बोटीची वाट पाहायची वेळ आमच्यावर पहिल्यांदा आली ती दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये.

रमजान मार्चात आला होता. धाकटा सेकंड ऑफिसर. त्याची मालवाहू बोट फिनलंड आणि स्वीडन यांच्या मधल्या बोथनियाच्या आखातात, अगदी उत्तर टोकाच्या एका बंदराकडे निघाली होती. तिथलं पाणी जवळजवळ गोडं. महासागराच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं, इथे तीन-चार ग्रॅम. मीठ कमी आणि थंडी कडक, म्हणून ते टोक दर हिवाळ्यात गोठतं. तिसऱ्या रोज्याला त्याचा मेसेज आला, "बर्फात थांबलोय. आइसब्रेकर येईल. काळजी नको." त्यानंतर काहीच नाही. त्याचा फोन लागेना.

अम्मी बोलत नव्हती. सहेरीला उठायची, फोन उचलून पाहायची आणि परत ठेवायची. आम्हा दोघा भावंडांना ते बघवेना. त्या भागाची उपग्रहांनी घेतलेली रडारची चित्रं कोणालाही पाहता येतात, एवढं आम्हाला धाकट्याकडूनच कळलं होतं. ती आम्ही मोबाइलवर शोधून काढली. करड्या रंगाचं चित्र, त्यात पांढऱ्या रेघा, आणि बंदराच्या बाजूला मोठा काळा पट्टा. आम्ही ठरवून टाकलं की पांढरं म्हणजे बर्फ आणि काळं म्हणजे मोकळं पाणी. अम्मीला जाऊन सांगितलं, "अम्मी, पुढे सगळं पाणीच आहे. आज-उद्या बोट बंदराला लागेल. बघ, इफ्तारपर्यंत त्याचा फोन येईल."

अम्मीचा चेहरा फुलला. त्या दिवशी तिने धाकट्याच्या आवडीचं गोड केलं, जणू तोच जेवायला येणार होता. आमच्याकडे इफ्तार होते तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. तरावीह झाली, रात्र झाली, फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता तिची काळजी आधीपेक्षा दुप्पट झाली. मोकळ्या पाण्यात असून मुलगा फोन करत नाही, म्हणजे काहीतरी वाईटच झालं असणार, असा तिचा हिशेब. तो हिशेब तिला आम्हीच दिला होता.

पाचव्या दिवशी फोन आला. बोट तेव्हाही बर्फातच उभी होती. बोटीवरचा नेट बिघडला होता, तो सुरू झाला एवढंच. अम्मीने फोन ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "माहीत नव्हतं, तर सांगितलंत कशाला?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे धाकटा सुट्टीवर आला तेव्हा आम्ही त्याला ते चित्र दाखवलं. तो हसला. मग स्वयंपाकघरातली एक गुळगुळीत थाळी आणि किसणी घेऊन बसला. म्हणाला, रडार फोटो काढत नाही. जवळपास 700 किलोमीटर उंचीवरून उपग्रह स्वतःच लहरी तिरप्या सोडतो आणि परत किती आल्या ते मोजतो. म्हणून त्याला उजेड लागत नाही आणि ढगांचीही अडचण नाही. सपाट थाळीवर तिरपी आलेली लहर पुढे निघून जाते, परत येत नाही, म्हणून चित्रात काळं दिसतं. किसणीसारख्या खडबडीत जागेवरून ती उलट येते, म्हणून पांढरं. शांत पाणी काळं दिसतं आणि सपाट, घट्ट बर्फही काळा दिसतो. वाऱ्याने खवळलेलं पाणी पांढरं दिसतं आणि वाऱ्याच्या दाबाने एकमेकांवर चढलेल्या बर्फाच्या रांगाही पांढऱ्या. आमचा तो काळा पट्टा म्हणजे किनाऱ्याला चिकटून बसलेला सपाट बर्फ होता.

"मग बोट चालवणाऱ्याला कळायचं कसं?" आम्ही विचारलं. तो म्हणाला, एकाच्या गवाहीवर कोणी जात नाही. फिनलंडची हवामान संस्था बर्फाचा नकाशा काढते तेव्हा रडारची चित्रं घेते, आणि आइसब्रेकरवरची माणसं डोळ्यांनी पाहून काय कळवतात तेही घेते. दोन्ही जुळवून मग नकाशावर जाडी लिहिली जाते.

गवाही म्हटल्यावर अम्मीने मान वर केली. ही गोष्ट तिच्या ओळखीची. चाँद कोणी पाहिला, कुठून पाहिला, किती जणांनी पाहिला, हे विचारल्याशिवाय आपल्याकडे ईद ठरत नाही.

त्यानंतर आम्ही या विषयात जे मिळेल ते वाचलं, आणि प्रत्येक उपग्रह म्हणजे आपल्यापुरतंच सांगणारा साक्षीदार आहे हे कळत गेलं. काही उपग्रह स्वतः काहीच सोडत नाहीत, पृथ्वीवरून येणाऱ्या सूक्ष्मलहरी फक्त ऐकतात. समुद्राच्या पाण्यातून त्या कमी निघतात, बर्फातून जास्त. म्हणून ध्रुवावरच्या सहा महिन्यांच्या रात्रीतही बर्फ किती पसरला आहे ते कळतं. या नोंदी 1978 च्या अखेरीपासून सलग आहेत. 1979 च्या सप्टेंबरमध्ये उत्तर ध्रुवाभोवती सुमारे 70 लाख चौरस किलोमीटर बर्फ होता. 2012 च्या सप्टेंबरमध्ये 34 लाखांच्या आसपास राहिला. पण उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली की हाच साक्षीदार तिथे समुद्रच आहे असं सांगून बसतो.

जाडीचं माप त्याहून नाजूक. 2010 मध्ये सोडलेला युरोपचा क्रायोसॅट हा उपग्रह लहर खाली पाठवतो आणि ती किती वेळात परतली यावरून उंची काढतो. बर्फाच्या भेगांतलं पाणी आणि शेजारचा बर्फ, या दोन उंचींतला फरक म्हणजे पाण्यावर आलेला भाग. तो एकूण जाडीच्या साधारण दहावा हिस्सा असतो. दोन मीटर जाड बर्फ पाण्यावर जेमतेम वीतभर दिसतो. त्या वीतभरावरून बाकीचा हिशेब. म्हणजे वरच्या मापात तीन सेंटिमीटरची चूक झाली, तर जाडीत जवळपास 30 सेंटिमीटरची होते. त्यातच बर्फावर पडलेलं भुसभुशीत हिम आपल्या वजनाने त्याला खाली दाबतं आणि माप आणखी चकवतं.

इथे आपल्या देशाचंही एक काम आहे. 25 फेब्रुवारी 2013 रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोने फ्रान्सबरोबर तयार केलेला सरल हा उपग्रह सोडला. त्याची लहर आखूड, ती हिमाच्या वरच्या थराजवळूनच परतते. क्रायोसॅटची लहर हिमात खोल जाते. दोघांच्या उत्तरांत फरक येतो, आणि संशोधकांनी त्या फरकातूनच हिमाची जाडी काढली. दोन साक्षीदारांचं जमत नाही म्हणून कोणालाही खोटं ठरवलं नाही.

वाचता वाचता डॉ. सय्यद जहूर कासिम यांचं नाव भेटलं. भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे ते प्रमुख. डिसेंबर 1981 मध्ये त्यांची बोट गोव्याहून निघाली आणि जानेवारी 1982 मध्ये त्या खंडाला पोहोचली. तेव्हा त्यांच्या घरच्यांनी कशाच्या भरवशावर दिवस काढले असतील, असं अम्मीने विचारलं. आम्ही म्हटलं, आम्हाला माहीत नाही. ती म्हणाली, "हे बरं केलंत."

त्याच सुट्टीत एका रात्री तिने धाकट्याला विचारलं, "तेव्हा घाबरला होतास?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, वाऱ्याने बर्फ बोटीला दोन्ही बाजूंनी दाबत होता, पत्रा रात्रभर कुरकुरत होता, आणि झोप कोणालाच नव्हती. आम्ही ऐकत राहिलो. "काळजी नको" या दोन शब्दांवरून आम्ही त्या दिवसांची जाडी ठरवली होती.

गेल्या हिवाळ्यात तो पुन्हा त्याच आखातात होता. नकाशा आम्ही रोज पाहायचो आणि अम्मीला सांगायचो, "बर्फ इतक्या सेंटिमीटरचा लिहिलाय. आइसब्रेकर जवळ आहे. बोट कधी सुटेल ते लिहिलेलं नाही." ती मान डोलवायची आणि जानमाज अंथरायची. फोनकडे मात्र आधीसारखी सारखी पाहत नव्हती.